अनुदान किती आलं रं? फ्लेक्सवरचा आकडा आणि खात्यावरचा आकडा

मी गावच्या वाचनालयाचा कार्यवाह. तासगाव तालुका, दोन खोल्यांचं वाचनालय, वर्ग ड, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. पेपर वाचायला येणारी माणसं बदलतात पण एक प्रश्न काही बदलत नाही. "सरकारकडनं किती येतं रं तुम्हाला?" आणि विचारणाऱ्यानं मनात उत्तर आधीच ठरवलेलं असतं, दोन-तीन लाख तर नक्की, त्याशिवाय का हा गडी फुकट कुलूप उघडायला येतोय रोज.

तर सांगून टाकतो. ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ४८,००० रुपये. २०२२ च्या शेवटी सरकारनं ६० टक्के वाढ केली, त्याआधी ३०,००० होते. ह्यातले निम्मे पगारावर, म्हणजे ग्रंथपाल बाईंच्या हातात महिन्याला २,००० पडतात (हो, महिन्याला, दिवसाला नाही), आणि उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, पेपर, मासिकं, लाईटबिल आणि पावसाळ्यात गळणारा पत्रा. तेही एकदम नाही, हप्त्यानं. पैसे उशिरा आले की पेपरवाला थांबतो, तो भला माणूस आहे म्हणून.

ह्यात गुपित काहीच नाही. १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, वर्गाप्रमाणे रकमा ठरलेल्या आहेत, शासन निर्णय निघालेला आहे, कुणीही बघावा. तरी गावातल्या एकालाही तो आकडा माहीत नव्हता. माहिती जाहीर असणं आणि माणसाला ती सापडणं ह्यात केवढं अंतर आहे ते मला इथनंच कळलं. जत्रेत हरवलेल्या पोराचं नाव भोंग्यावर पुकारायचं, पण भोंगा लावायचा शेजारच्या गावात, तसला प्रकार आहे.

म्हणून हे लिहितोय. समाजमंदिर, सभागृह, वाचनालय, भजनी मंडळ, तमाशाचा फड, साहित्य संमेलन, ह्या सगळ्यांना सरकारी पैसा मिळतो, आणि तो कुणाला किती मिळाला हे आपल्याला बघता येतं. फक्त कुठं बघायचं आणि काय बघायचं हे कळलं पाहिजे.

आधी काय बघायचं ते.

अनुदानाला एक आकडा नसतो, तीन असतात. मंजूर किती झालं, वितरित किती झालं आणि खर्च किती झालं. फ्लेक्सवर नेहमी पहिला आकडा असतो, कारण तो सगळ्यात मोठा असतो आणि सगळ्यात आधी येतो. "मा. अमुक यांच्या प्रयत्नातून सभागृहासाठी १० लक्ष रुपये मंजूर", वर हात जोडलेला फोटो, खाली सौजन्य म्हणून पंचवीस पोरांचे पासपोर्ट फोटो. हा मंजूर आकडा म्हणजे काय, तर प्रशासकीय मान्यता मिळाली, सरकारनं 'करा' म्हटलं. पैसे अजून निघालेलेच नसतात. मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग वर्क ऑर्डर, मग काम, मग इंजिनिअर येऊन एमबीत नोंद करणार म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, त्यावरनं बिल, आणि हे सगळं चाललेलं असताना निधी टप्प्याटप्प्यानं येतो, कधी मार्च एंडला धो धो तर कधी वर्षभर थेंब नाही.

लग्नाचंच बघा ना. सुपारी फुटली म्हणजे मंजूर. वऱ्हाड मांडवात आलं म्हणजे वितरित. अक्षता पडल्या म्हणजे खर्च. सुपारी फुटली म्हणून कुणी बारशाचे पेढे मागत नाही, पण अनुदानाच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो.

आमच्या गावात हेच झालं. तरुण मंडळाच्या मागणीवरनं १० लाखाचं सभागृह मंजूर झालं, फ्लेक्स लागला, नारळ फुटला, जोतं आणि कॉलम उभे राहिले आणि काम थांबलं. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, कॉलमच्या उघड्या सळ्यांवर लोक धुणं वाळत घालायला लागले, आणि पारावर ठरून गेलं की मंडळाच्या अध्यक्षानं पैसे खाल्ले. त्यानं त्याच वर्षी नवी बुलेट घेतली होती ना, मग झालंच सिद्ध! तो बिचारा ग्रामसभेला यायचा बंद झाला, गणपतीत वर्गणीला फिरायचा बंद झाला.

शेवटी आम्ही तिघं कागद बघायला गेलो. १० लाख मंजूर, ३ लाख वितरित, २ लाख ८० हजाराचं काम एमबीत चढलेलं. बाकीचा निधी आलाच नव्हता. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ह्यातला एक रुपयाही मंडळाच्या खात्यावर येणारच नव्हता, कारण काम करणारी यंत्रणा मंडळ नव्हतंच, पैसे यंत्रणेकडनं थेट ठेकेदाराला जातात. मंडळानं फक्त मागणीचं पत्र दिलं होतं. बुलेट त्यानं द्राक्षाच्या पैशातनं हप्त्यावर घेतली होती.

म्हणून मी म्हणतो की माहिती जाहीर करा हा आग्रह नुसता चोर पकडायला नसतो, ज्याला पैसे मिळाले (किंवा मिळालेच नाहीत) त्याची अब्रू त्यावर टिकते. अर्थात उलटंही असतं, नाही असं नाही. जवळच्याच एका गावात कागदावर पेव्हर ब्लॉक बसलेले, पूर्णत्वाचा दाखला जोडलेला, आणि जागेवर गुडघाभर गाजरगवत. ते प्रकरण वेगळं, त्यात मी पडत नाही. पण दोन्ही गावांत खरं काय ते त्याच तीन आकड्यांतनं कळलं.

आता कुठं बघायचं. इथं जरा गुंता आहे कारण पैसा एका नळातनं येत नाही.

सभागृह, समाजमंदिर, सभामंडप असली कामं बहुतेक पंचवीस-पंधरातनं होतात. २५१५ हा बजेटमधला लेखाशीर्ष आहे, म्हणजे खर्चाच्या कप्प्याचा नंबर, ग्रामविकास खात्याचा, लोकप्रतिनिधींनी सुचवलेली गावांतली मूलभूत सुविधांची कामं त्यात येतात. खेड्यातल्या पोरांना पाढे येत नसतील पण पंचवीस-पंधरा म्हणजे काय ते माहीत असतं. त्याच्या याद्या शासन निर्णयाला जोडून निघतात, गाव, काम, रक्कम असा तक्ता असतो. सरकारच्या शासन निर्णयाच्या साईटवर ग्रामविकास विभाग निवडायचा आणि तारखेनं शोधायचं. प्रत्येक निर्णयाला १८ आकडी सांकेतांक असतो, बघितलं तर घाबरायला होतं पण सोपं आहे, सुरुवातीचे आठ आकडे म्हणजे साल, महिना, तारीख. तो एकदा मिळाला की अर्जात लिहायला बरं पडतं, साहेबाला 'कुठला निर्णय' म्हणायला जागा राहत नाही. वैताग एवढाच की मागं जोडलेल्या याद्या पुष्कळदा स्कॅन करून टाकलेल्या असतात, वाकड्या, पुसट, त्यात गावाचं नाव टाकून सर्च चालत नाही, डोळे फोडत एकेक ओळ वाचावी लागते.

दुसरा नळ म्हणजे डीपीडीसी, जिल्हा नियोजन समिती. पालकमंत्री अध्यक्ष असतात. तिसरा आमदार फंड, वर्षाला ५ कोटी. चौथा खासदार फंड, तोही वर्षाला ५ कोटी, १९९३ च्या डिसेंबरमध्ये ही योजना सुरू झाली. खासदार फंडाबद्दल एक गैरसमज आहे की पैसे खासदाराच्या खिशात येतात आणि तो वाटतो. तसं नसतं. खासदार कामाची शिफारस करतो, पैसे जिल्हा प्रशासनामार्फत यंत्रणेकडं जातात. आणि धर्मस्थळाच्या कामाला हा फंड चालत नाही, देवळात काहीतरी द्या म्हणून पत्र घेऊन जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. २०२३ पासून ह्या फंडाचं सगळं ई-साक्षी नावाच्या पोर्टलवर आणलंय, कुठलं काम सुचवलं आणि कुठं अडलंय ते तिथं दिसतं.

पाचवा नळ आपल्या दारातला, ग्रामपंचायत. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे कशावर गेले ते ई-ग्रामस्वराज ह्या केंद्राच्या पोर्टलवर आहे, जिल्हा, तालुका, गाव निवडत जायचं. व्हाउचरपर्यंत दिसतं. मोबाईलला 'मेरी पंचायत' ॲपही आहे. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा आमच्या गावाचं नाव इंग्रजीत असं काही लिहिलेलं होतं की मलाच ओळखू येईना, तेव्हा नाही सापडलं म्हणून लगेच बंद करू नका, खालीवर बघा. आणि खात्याच्या पातळीवर कुठल्या लेखाशीर्षाला किती तरतूद होती नि किती सुटली हे बघायचं असेल तर राज्याची बीम्स प्रणाली आहे. ती गावातल्या कामापर्यंत पोचत नाही, पण 'वरनंच निधी आला नाही' असं कुणी म्हणालं तर ते खरं की थाप ह्याचा अंदाज येतो.

कलेचा पैसा बहुतेक सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडनं येतो. आपला सांगली-सातारा भाग ह्या बाबतीत काही साधा नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर सांगलीत केलं, पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. तेव्हाही खेळ कुणाच्या तरी पैशावरच उभा राहायचा, भाव्यांच्या मागं सांगली संस्थानचे राजे होते. राजाला हिशोब विचारायची सोय नव्हती. आता राजा आपण आहोत म्हणतात, तर हिशोबही आपणच बघायला पाहिजे ना.

ज्येष्ठ कलावंतांना मानधन मिळतं, राजर्षी शाहू महाराजांच्या नावची योजना आहे. आधी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशा तीन श्रेणी होत्या, ३,१५०, २,७०० आणि २,२५० रुपये, २०२४ पासून सगळ्यांना सरसकट महिना ५,००० केले. जिल्ह्यातनं वर्षाला १०० जणांची निवड होते. शंभरच! आपल्या जिल्ह्यात गल्लीत शाहीर आणि वाडीत भजनी बुवा आहेत, तेव्हा कुणाचं नाव लागलं आणि कुणाचं राहिलं ह्यावरनं धुसफूस होणारच, आणि यादी नीट समोर आली नाही की ती दुप्पट होते. २०२५ च्या गणेशोत्सवाच्या वेळी राज्यातल्या १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५,००० रुपये द्यायचं जाहीर झालं, म्हणजे साडेचार कोटी. आमच्या भागात अर्ध्या मंडळांना ते पेपरातनं कळलं आणि उरलेल्या अर्ध्यांना तेही नाही. निवड कशी केली हे यादीइतकंच जाहीर पाहिजे असं माझं मत आहे, कारण नुसती नावं बघून आपला टाळ का राहिला हे कळत नाही.

मोठ्या कार्यक्रमांचं सांगायचं तर साहित्य संमेलनाचं सरकारी अनुदान ५० लाखाचं २ कोटी झालं त्याला काही वर्षं झाली. २०२६ च्या जानेवारीत साताऱ्यात ९९ वं संमेलन झालं तेव्हा गर्दीत उभा राहून मला सारखं वाटत होतं, ह्याचा जमाखर्च एका पानावर छापून मांडवाच्या दारात लावला तर लोक पुस्तकांच्या स्टॉलइतकीच तिथंही गर्दी करतील. जेवणाचं ताट कितीला पडलं हे वाचायला तर नक्कीच.

मंडळ किंवा संस्था जर ट्रस्ट म्हणून नोंदलेली असेल तर तिचे हिशोब दरवर्षी धर्मादाय कार्यालयात जातात, सीएनं ऑडिट केलेले, ताळेबंद आणि जमाखर्च. नक्कल मागता येते. आणि मोठ्या संस्थांसाठी आणखी एक चाळण आहे, वर्षात २५ लाखाच्या वर सरकारी अनुदान आणि एकूण खर्चाच्या ७५ टक्के वाटा त्याचाच असेल तर १९७१ च्या कायद्यानं कॅग (सरकारी हिशोब तपासणारी देशातली सगळ्यात वरची यंत्रणा) तिचे हिशोब तपासतं. आमचं वाचनालय अर्थातच कॅगच्या गावीही नाही.

आता कायदा. माहिती अधिकार म्हटलं की लोकांना अर्जच आठवतो, पण १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झालेल्या ह्या कायद्यात अर्जाच्या आधीची एक गोष्ट आहे, कलम ४. सरकारी कार्यालयानं कुणी मागायच्या आधीच १७ मुद्द्यांची माहिती स्वतःहून जाहीर करायची. त्यातला बारावा मुद्दा आपल्या कामाचा, अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण. म्हणजे 'अनुदान कुणाला दिलं' हे विचारायची वेळच यायला नको होती. प्रत्यक्षात कलम ४ ची फाईल बऱ्याच ठिकाणी एकदा केलेली असते आणि दरवर्षी तिच्यावरची तारीख तेवढी बदलते. एका कार्यालयात मला जी दाखवली तिच्यात चार वर्षांपूर्वी रिटायर झालेले साहेब अजून माहिती अधिकारी होते.

अर्ज करायचाच झाला तर जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. ३० दिवसांत उत्तर, झेरॉक्सला पानाला २ रुपये. नाही मिळालं किंवा अर्धवट मिळालं तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडं पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प, आणि तिथंही काही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं. सांगली-साताऱ्याला पुणे खंडपीठ. तिथं तारीख लागेपर्यंत धीर धरावा लागतो, एवढंच सांगतो.

सगळी कळ अर्ज लिहिण्यात आहे. लोक लिहितात, "सभागृहाचं काम का थांबलं आणि जबाबदार कोण". ह्याला उत्तर येतं, "माहिती अभिलेखात उपलब्ध नाही". आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असतं, कारण कायदा असलेला कागद देतो, मत देत नाही. आम्ही लिहिलं होतं ते असं: अमुक गावच्या अमुक सभागृहाच्या प्रशासकीय मान्यतेच्या आदेशाची प्रत, आजपर्यंत निधी वितरित केल्याच्या सर्व आदेशांच्या प्रती, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील ह्या कामाच्या नोंदी, अदा केलेल्या देयकांच्या प्रती आणि उपयोगिता प्रमाणपत्र. बघा, मंजूर, वितरित, खर्च, तिन्ही आलं. उपयोगिता प्रमाणपत्र, ज्याला ऑफिसात युसी म्हणतात, ते विसरू नका. दिलेला पैसा ज्या कामाला दिला त्याच कामाला लागला असं सही-शिक्क्यानं सांगणारा तो कागद, आणि पुढचा हप्ता बऱ्याचदा त्याच्यावाचूनच अडलेला असतो.

पण खरं सांगू का, आम्ही अर्जाच्या आधी एक सोपी गोष्ट करायला पाहिजे होती जी आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासन निर्णय निघाला की जिल्हा पातळीवरच्या आणि खालच्या कार्यालयांत, स्थानिक संस्थांतही, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रं बघायला द्यायची. सोमवारी सुट्टी असली तर पुढच्या कामाच्या दिवशी. जायचं, फाईल मागायची, बसून वाचायची. पहिल्यांदा गेलो तेव्हा काऊंटरवरचा पोरगा म्हणाला, असं काही नसतं. निर्णयाची झेरॉक्स दाखवल्यावर आतनं मोठे बाबू आले आणि खुर्ची मिळाली, चहाही. सभागृहाची फाईल दोन बोटं जाड होती, आमचं काम वीस मिनिटांत झालं.

संस्थांबद्दल एक शंका नेहमी येते, खासगी संस्थेला माहिती अधिकार लागतो का. सरकारी पैशाचा भरीव वाटा असलेल्या संस्थेला लागू शकतो, २०१९ मध्ये डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं तेच म्हटलंय. पण भरीव म्हणजे किती ह्यावर प्रत्येक वेळी वाद होतो, म्हणून सरळ वाट सांगतो. संस्थेच्या दारात भांडत बसू नका, ज्या कार्यालयानं पैसे दिले तिथं मागा. वाचनालयाचं हवं असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडं, ट्रस्टचं धर्मादायकडं. आम्ही दिलेला प्रत्येक कागद तिथं पडलेला असतो.

आणि सगळंच उघडं पाडायचं नसतं हेही सांगायला पाहिजे. मानधन मिळणाऱ्या म्हाताऱ्या कलावंताचं नाव, गाव, कला, रक्कम, एवढं यादीत असणं ठीक. त्याचा आधार नंबर, खातं नंबर, आजारपणाचे कागद भिंतीवर लावायचं काही कारण नाही. मी एका ठिकाणी लाभार्थ्यांची यादी बघितली, खाते क्रमांकासकट नोटीस बोर्डावर! दुसऱ्या टोकाला, २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललंय, आणि आता नुसतं नाव विचारलं तरी 'वैयक्तिक आहे' म्हणून हात वर करायला निमित्त मिळेल अशी भीती मला वाटते. तसं उत्तर आलंच तर अपिलात दोन गोष्टी लिहा, कलम ४ मध्ये लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करायला सांगितलाय, आणि व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते हे कलम ८(२) अजून तसंच आहे.

दुसरीकडं काय चालतं तर कॅनडात केंद्र सरकार २५,००० डॉलरच्या वरचं प्रत्येक अनुदान, कुणाला, किती, कशासाठी हे दर तिमाहीला जाहीर करतं, एका जागी, शोधता येईल असं. कॅनडा लांब राहिला, राजस्थानात २०१९ पासून जनसूचना पोर्टल आहे, एकाच ठिकाणी कितीतरी खात्यांची माहिती, अर्ज न करता. ते काही आपोआप झालं नाही, तिथल्या खेड्यांतल्या मजुरांनी १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या, गावासमोर बिलं वाचून दाखवली, तेव्हा कुठं. आपल्याकडं माहिती आहे पण ती पाच नळांत, चार पोर्टलवर आणि एका लोखंडी कपाटात आहे, ज्याची किल्ली रजेवर असलेल्या माणसाकडं असते.

सभागृहाचं उत्तर आल्यावर आम्ही ग्रामसभेत ते तीन आकडे वाचून दाखवले. अध्यक्ष आला नव्हता, त्याच्या आई आल्या होत्या. काही बोलल्या नाहीत, कागद मागून घेतला आणि पदराखाली धरून बसल्या. उरलेला निधी अजून यायचाय, धुणं अजून तिथंच वाळतंय.

आणि त्यानंतर मला माझीच लाज वाटली, की दुसऱ्याचे कागद काढत फिरतो आणि वाचनालयाच्या भिंतीवर आपलं काय लावलंय तर सुविचार. म्हणून यंदा फळा घेतला. अनुदान ४८,०००, पैकी आलं किती, पगार किती, पुस्तकं किती, पेपर किती, लाईटबिल किती, आणि बँकेनं मेसेजचे म्हणून कापलेलं. पहिल्या दिवशी कुणी ढुंकून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरला येणारे एक रिटायर गुरुजी चष्मा वर-खाली करत फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि मला हाक मारली.

"कार्यवाह, ही बेरीज १२ रुपयांनी चुकलीय."

बघितलं तर खरंच चुकली होती. झाडूची पावती राहिली होती.